दिवे घाटातलं बिस्कीट

१४ जून २०२३, योगिनी एकादशी. दिवे घाटाच्या चढावर मी एका वारकऱ्याला आईवरून शिवी दिली. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, हातात टाळ आणि तोंडात ती शिवी. त्या बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की माझा दंड धरून तो म्हणाला होता, "माउली, जरा बसा. चेहरा बरा दिसत नाही तुमचा."

वारीत माणसं एकमेकांच्या पाया पडतात. पण त्या वेळी तो माणूस मला पांडुरंगाच्या वाटेत आडवा आलेला वैरी वाटत होता. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, जीभ जड झालेली आणि डोक्यात कसला तरी भलताच राग. पहाटे भवानी पेठेतून निघताना मी रोजच्या सवयीनं गोळी घेतली होती आणि वर कपभर बिनसाखरेचा चहा. एकादशी कडक करायची असं मनाशी धरलं होतं, म्हणून फराळसुद्धा नाही. पुणे ते सासवड हा वारीतला लांबलचक टप्पा, तीसएक किलोमीटरचा, आणि त्यात घाट. माझ्या गोळीत तेव्हा ग्लिमेपिराइड असायचं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न आहे का, आज तिथी कोणती, याची चौकशी ते करत नाही.

मी बसलो नाही, पडलो. दुसऱ्या दिंडीतली डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी थांबली. कुणीतरी टपरीवरून गोड चहा आणला. तिनं पिशवीतून ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा काढला, पुण्यातले लोक वारकऱ्यांच्या हातावर ठेवतात तसला, आणि चहात बुडवलेलं बिस्कीट माझ्या तोंडात कोंबलं. "एकादशी हाय माझी," असं मी म्हणालो म्हणे. त्यावर ती म्हणाली, "इठ्ठल अठ्ठावीस युगं हुबा हाय. त्याला कायबी घाई न्हाय. तू बस."

वीसएक मिनिटांनी आरोग्य पथकातल्या पोरानं बोट टोचलं तेव्हा आकडा ७४ आला. सत्तरच्या खाली गेलं की धोका. बिस्किटाच्या आधी किती असेल, याचा हिशेब मी आजही करत नाही. शिवी खाल्लेला माणूस तोवर गर्दीत पुढे निघून गेला होता. त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

त्या रात्री सासवडच्या मुक्कामी राहुटीत पडलो, पण झोप नव्हती. एकादशी मोडली होती, त्याचं वाईट वाटत होतंच. पण मोडली कुणी? मी? म्हातारीनं? गोळीनं? आणि गेली बारा वर्षं मी साखर सांभाळतोय असं जे चारचौघांत सांगत होतो, ते सांभाळणारा तरी कोण होता?

मी एसटीत कंडक्टर होतो. ३१ वर्षं बेल मारली, २०१९ साली निवृत्त झालो. साखर निघाली २०११ साली. मुक्कामी गाडी घेऊन आम्ही एका वाडीवर रात्री थांबायचो. रात्रीतून चार-चार वेळा उठावं लागे, आणि सकाळी पाहावं तर त्या जागी मुंग्यांची रांग. आमचा ड्रायव्हर थट्टेनं म्हणाला, "मास्तर, तुमच्यात गूळ मुरलाय काय?" तपासलं तर उपाशीपोटी १८६, जेवल्यावर २७०.

पहिली चार वर्षं मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. तरी लिहितो, कारण वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांनी तेच केलं असणार. रक्त द्यायच्या आधीचे तीन दिवस भाकरी अर्धी, चहा बिनसाखरेचा, सकाळी कारल्याचा रस. रिपोर्ट बरा आला की बाहेर पडल्या पडल्या गाड्यावरची गरम जिलेबी. आमच्या वेळी कंडक्टरच्या हातात एक कागद असायचा, त्याला वेबिल म्हणतात. टप्प्याटप्प्याला किती तिकिटं गेली, किती पैसे जमले, ते त्यावर भरायचं. ड्युटी संपली की रोकड मोजून द्यायची. कमी भरली तर खिशातून, जास्त भरली तरी जाब. ३१ वर्षांत मी वेबिलात एका रुपयाची लबाडी केली नाही. आणि हाच माणूस शरीराचं वेबिल मात्र दर वेळी खोटं भरत होता.

मग डॉक्टरीण बाईंनी एचबीएवनसी नावाची तपासणी सांगितली. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती राहिली, ते तिथं नोंदलेलं असतं. तीन दिवसांच्या कारल्यानं ते खोडता येत नाही. आमच्यात याला मार्गावरचं चेकिंग म्हणतात. कुठल्या माळावर, कुठल्या वळणाला चेकरची जीप उभी असेल सांगता येत नाही. गाडी थांबते, आणि त्या घटकेला जे आहे ते आहे. माझा आकडा ९.४ आला. साडेसहा झालं की मधुमेह धरतात.

त्यानंतर मी सुधारलो. सुधारलो म्हणजे, आमच्या हिनं सगळं हातात घेतलं. गव्हाच्या चपात्या बंद होऊन ज्वारीची भाकरी आली, तीही तिनं मोजलेली. डब्यात आधी काकडी-मुळा, मग उसळ. घरातली साखरेची बरणी कुठल्या कुठे गेली. गोळीची वेळ झाली की ती फोन करायची आणि गाडीत गलका असला तरी "घेतली का?" एवढं ऐकल्याशिवाय ठेवायची नाही. बोट टोचायचं काम तिचं, कारण मला रक्त बघवत नाही. दीड वर्षात आकडा ६.९ वर आला. डेपोत लोक विचारायचे तेव्हा मी छाती काढून सांगायचो, "मनावर घेतलं की सगळं होतं." दोघाचौघांना तर मी चहाच्या टपरीवर उपदेशही केला.

२०१७ साली थोरल्या लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला ही पुण्याला गेली, साडेतीन महिने. जाताना ज्वारी दळून डबा भरून ठेवला होता, उसळींची कडधान्यं बरण्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवली होती. मी त्या डब्याचं झाकणही उघडलं नाही. सकाळी पोहे, दुपारी मिसळ-पाव, रात्री ढाब्यावर. साडेतीन महिन्यांनी आकडा ८.८. म्हणजे मनावर मी घेतलं होतं खरं, पण सगळं होतं तिच्या हातावर. डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत तक्ता असतो, स्वतःची काळजी घ्या. आमच्यासारख्या पुरुषांच्या बाबतीत त्यातलं 'स्वतः' म्हणजे बायको असते, हे त्या तक्त्यावर कुठं लिहिलेलं नसतं.

कीर्तनात बुवा सांगतात, कर्तेपणा टाका. 'मी केलं' हा अभिमान म्हणजे सगळ्या बंधनांचं मूळ. माझा तो अभिमान एका रिपोर्टात गळून पडला. त्यात माझी साधना काही नव्हती. मुळात मी काही केलंच नव्हतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. नाही तरी सगळं प्रारब्धच, असं म्हणायला लागलो. वडिलांना होती, चुलत्यांना होती, मला आली. लेक नर्स आहे, तिनं मला गप्प करायला एक गोष्ट सांगितली आणि त्या गोष्टीनंच मला आणखी पेचात टाकलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन या दोघांचं वजन-उंचीचं गुणोत्तर अगदी सारखं, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२. दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापला होता. शेजारी शेजारी उभे, दोघेही सडपातळ. याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. पण आपलं बाळ लहान असतं ते मांसानं, अवयवांनी. चरबी त्याच्यात त्या मानानं राखलेली असते. आईच्या पोटात जे कमी पडलं, त्याची सोय शरीर अशी करतं, आणि पुढे पन्नाशीत ती सोय अंगाशी येते.

माझा जन्म १९६१ चा. मी पोटात असताना आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि सगळ्यांची जेवणं उरकली की कोरड्यास पुसून भाकरी खायची. बाहत्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, आणि आम्ही रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी खायचो. तेव्हा प्रारब्ध प्रारब्ध म्हणतात ते मागच्या जन्मात शोधायला नको. माझं प्रारब्ध याच जन्मातलं आहे, नऊ महिन्यांचं, आणि ते माझ्या आईच्या रिकाम्या ताटात लिहिलेलं आहे. हे कळल्यावर मला आईबद्दल जे वाटलं ते इथं लिहिता येत नाही. पण एक गोष्ट झाली. साखर म्हणजे माझ्या पापाची शिक्षा, असं जे आत कुठंतरी बसलं होतं ते उठलं.

आणि तरीही सुटका नव्हती. डेपोच्या बोर्डावर ड्युटी लागते, ती कंडक्टर निवडत नाही. कुणाला सपाटीची नवी गाडी, कुणाला घाटातली खटारा. तक्रार करा, भांडा, लागलेली गाडी घ्यावी लागते. पण एकदा पायरीवर पाय ठेवला की बेल मारायची कुणी, हा प्रश्न बोर्डापाशी सुटत नाही.

परत एकादशीकडे येतो, कारण माझं खरं दुखणं तिथं होतं.

सासवडला दुसऱ्या दिवशी आमच्या विणेकरी बुवांना विचारलं, "एकादशी मोडली, आता काय करू?" बुवा गप्प राहिले. त्यांनाही साखर आहे आणि ते एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोन्ही वेळा खातात. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण काही हवेतून आलेली नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, आणि ज्या कंदापासून तो करतात तो मूळचा अमेरिका खंडातला. बटाटाही तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, हिरवी मिरचीसुद्धा तिकडचीच. ज्ञानेश्वर माउलींच्या काळात उपवासाची खिचडी कुणी खाल्लेली असणं शक्य नाही. आमच्या उपवासाची बरीचशी थाळी समुद्र ओलांडून आली, ती आम्हाला शास्त्राला धरून वाटते, आणि एक गव्हाचं बिस्कीट तेवढं पाप.

पण हे बोलून मी सुटू पाहतोय असं कुणाला वाटायला नको. नियम टाकून द्या असं मला म्हणायचं नाही. माळ घातली आहे, एकादशी माझी आहे. मला जे उमगलं ते वेगळंच होतं. निराहार एकादशी आणि गाड्यावरची जिलेबी, या माझ्या एकाच खोडीच्या दोन तऱ्हा होत्या. मला काहीतरी मोठं करायला हवं असतं. सोडलं तर सगळं, खाल्लं तर सगळं. मधलं, रोजचं, लहानसं मला जमत नव्हतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितलंय, की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. पारायणात मी ते कितीदा वाचलं असेल. वाचताना वाटायचं, हे हिमालयातल्या योग्यांसाठी आहे.

व्रत आणि पथ्य यांत आणखी एक फरक आहे. व्रताला प्रेक्षक असतात. निर्जळी केली की घरात लोक दबून बोलतात. लग्नाच्या पंगतीत दुसरा गुलाबजाम नाकारला की मात्र चार माणसं कीव करतात आणि पाचवा म्हणतो, "एवढ्यानं काही होत नाही हो." पथ्य पाळणाऱ्याला कुणी माउली म्हणत नाही. देवाच्या नावावर मी भूक सोसू शकत होतो, आणि माझ्या स्वतःच्या पायांसाठी, डोळ्यांसाठी, मूत्रपिंडांसाठी एक पेढा सोडू शकत नव्हतो. स्वतःसाठी काही करणं म्हणजे आपमतलब, हे आमच्या हाडात भिनलंय. एका रात्री कीर्तनात देह म्हणजे फुटकं गाडगं असतं आणि दुसऱ्या रात्री चौऱ्याऐंशी लक्ष योनींनंतर मिळालेलं रत्न. मी सोयीनं गाडगं धरून बसलो होतो.

आमच्या दिंडीत एक निवृत्त संस्कृतचे मास्तर चालतात. त्यांनी मला सुश्रुताची गंमत सांगितली. सुश्रुतानं प्रमेहाचे (मधुमेह त्यातलाच) दोन प्रकार मानले: एक जन्मापासूनचा, दुसरा अपथ्यानं झालेला. आणि ज्याच्याजवळ पैसा नाही अशा रोग्याला उपाय काय, तर मुनीसारखं मन आवरून, भिक्षेवर राहून, एका गावात एकच रात्र काढत शंभर योजनं चालावं. मी म्हटलं, "मास्तर, ही तर वारीच झाली!" ते म्हणाले, "पुढचं ऐका. पायात वहाण नको, डोक्यावर छत्री नको." इथं मात्र मी सुश्रुताला हात जोडतो आणि बूट घालतो. माझ्या तळव्यांना डॉक्टरीण बाईंनी नायलॉनचा एक धागा टेकवून पाहिला होता. डाव्या पायाला दोन ठिकाणी मला तो लागलाच नाही. अशा पायात काटा गेला तर कळत नाही, फोड फुटला तर कळत नाही, आणि कळतं तेव्हा कधीकधी बोट कापावं लागतं. आमच्या दिंडीत अनवाणी चालणारे आहेत. त्यांची भक्ती मोठी. मी मुक्कामाला पोचलो की आधी मोजे काढून हातातल्या आरशात तळवे बघतो, आणि मग हरिपाठाला बसतो. पहिल्या वर्षी लोक हसले. म्हणाले, बुवा आरसा घेऊन वारीला आलेत.

प्रसादाचं मी एक ठरवून टाकलं आहे. हात पुढे करायचा, कपाळाला लावायचा, एक कण जिभेवर, बाकीचं शेजारच्या पोराला. कुणाचा अपमान होत नाही आणि देवाची तर अजून एकदाही तक्रार आलेली नाही. वारीच्या वाटेवरच्या देवांत मला जेजुरीचा मल्हारी सोयीचा वाटतो. प्रसाद म्हणून भंडारा. कपाळाला लावला की झालं, साखर वाढायचा प्रश्नच नाही.

राहिला आकडा. त्यानं मला सगळ्यांत जास्त छळलं.

कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही, हे तर आमच्याकडे रिक्षाच्या पाठीवरही लिहिलेलं असतं. मग मी रोज पहाटे बोट टोचून काय बघतो? फळच की! एकदा रात्री मुद्दाम जेवलो नाही, म्हटलं सकाळी झकास आकडा येईल. आला १७१. ते यंत्र मी गादीवर भिरकावलं. देवावर रागावलो. लेकीनं फोनवर समजावलं, "अण्णा, पहाटे लिव्हर आपण होऊन रक्तात साखर सोडतं. उठायची तयारी असते ती शरीराची. झोप कमी झाली, ताप आला, चिंता असली तरी आकडा चढतो. तुम्ही उपाशी राहिलात म्हणून तो तुमचं ऐकेल असं नाही."

तेव्हा मला वेबिलाची नीट आठवण झाली. पावसाळ्यात दरड कोसळली, बाजार मोडला, गाडी मोकळी आली, तर वेबिलावर रक्कम किरकोळ दिसायची. त्याबद्दल मला कुणी कधी दोषी धरलं नाही. स्टँडवर प्रवासी किती येणार, हे कंडक्टरच्या हातात नसतंच. पण गाडीत चढलेल्या एकाचं तिकीट राहिलं, तर तो गुन्हा माझा. आणि रक्कम थोडी असली म्हणून वेबिल भरायचं टाळता येत नाही. फळाकडे बघू नका असं गीता म्हणत असेल, असं मला आता वाटत नाही. फळावर मालकी सांगू नका, एवढंच म्हणत असावी. मी तर आकडा चांगला आला की मालक व्हायचो आणि वाईट आला की चित्रगुप्तापुढे उभा राहिलेला आरोपी. चित्रगुप्ताची वही माणूस मेल्यावर उघडते. वेबिल रोज संध्याकाळी मिटतं आणि सकाळी नवीन कोरं मिळतं.

म्हणून एका वहीत मी तीन रकाने आखले. तारीख, आकडा, आणि तिसऱ्यात कालच्या दिवसात माझ्या हातात काय होतं ते. "जेवून पंधरा मिनिटं चाललो." "पुतण्याच्या लग्नात गुलाबजाम दोन." "रात्री झोप नाही, भावकीची भांडणं." तिसरा रकाना मी खरा भरतो. दुसऱ्यात जे येईल ते येईल. एसटीचा भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा असतो. मी आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरचं तिकीट कधी मनात फाडत नाही, पुढच्या टप्प्याचं फाडतो.

लेकीला ही वही दाखवली तेव्हा तिनं तिच्या अभ्यासातलं एक नाव सांगितलं, अल्बर्ट बांडुरा. या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं, की 'हे मला जमेल' हा भरवसा माणसात सगळ्यांत पक्का येतो तो स्वतः काहीतरी थोडं करून बघितल्यानं. त्याखालोखाल आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना बघितल्यानं. लोकांच्या सांगण्याचा नंबर त्यानंतर लागतो. सापाला जन्माचे भ्यायलेल्या माणसांना त्यानं पायरीपायरीनं सापाला हात लावायला शिकवलं होतं. हे ऐकून मला डेपोच्या टपरीवर मी केलेले उपदेश आठवले आणि कानशिलं तापली. आत्मविश्वास या शब्दातल्या 'आत्म'चा मी आजवर छाती काढणं असा अर्थ लावत आलो होतो. बोट स्वतः टोचायला शिकलो तेव्हा मी ६२ वर्षांचा होतो. पहिल्या दिवशी डोळे मिटून टोचलं, अंगठ्याला लागलं. पाचव्या दिवशी उघड्या डोळ्यांनी. आता वारीत मुक्कामावर रोज संध्याकाळी आमच्या राहुटीत सात-आठ साखरवाले जमतात, विणेकरी बुवांसकट. एकमेकांचे आकडे बघतो, कुणी कुणाला उपदेश करत नाही. एकजण दुपारी काय खाल्लं ते सांगतो, दुसरा म्हणतो, "हां, म्हणून." बस.

त्या वारीहून घरी परतल्यावर मी डॉक्टरीण बाईंकडे गेलो ते कालनिर्णय घेऊन. वर्षातल्या एकादश्यांवर त्यांनी गोल केले. गोळी बदलली, उपवासाला काय खायचं, गोळी कधी घ्यायची, हे ठरवून दिलं. ते माझं मी ठरवलेलं नाही, हे मुद्दाम सांगतो. आमच्या दिंडीत गोळी मनानं सोडणारे पुष्कळ आहेत. आता एकादशीला थोडी भगर, दही, काकडी, मूठभर दाणे. खिशात साखरेची पुडी. आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचा एक पुडाही, कारण न जाणो, कुणी आईवरून शिवी देणारा भेटला तर.

गेल्या ज्येष्ठात वारीची पिशवी भरत होतो. लेक आली होती. यंत्र, पट्ट्या, सुया मी आपला मोजून ठेवत होतो, आणि ही नेहमीसारखी मागे उभी राहून काय राहिलं ते सांगत होती. लेकीनं एकदम विचारलं, "आई, तुझी साखर कधी बघितली शेवटची?"

"मला काय धाड भरलीय?" ही म्हणाली.

माझी साखर निघून चौदा वर्षं झाली. त्यातली कितीतरी वर्षं माझी बोटं तिनं टोचली, माझ्या भाकऱ्या मोजल्या, फोन केले. तिच्या बोटाला त्या घरात एकदाही सुई लागली नव्हती. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. चित्रगुप्त मानत असतो तर मी त्याच्यापुढे यासाठी उभा राहिलो असतो, जिलेबीसाठी नाही.

सकाळची वेळ होती, तिनं अजून काही खाल्लं नव्हतं. हात धुऊन ती समोर बसली. टोचलं मी. ११८ आला. लेक म्हणाली, शंभरच्या खाली पाहिजे, १२६ ला मधुमेह धरतात, आई मध्ये आहे. आत्ताच सावरलं तर सावरेल.

ही काही बोलली नाही. माझी वही उचलली, उलटी केली आणि मागच्या बाजूनं उघडली. फूटपट्टी सापडेना, तेव्हा लाटणं टेकवून तीन रकाने पाडले. पहिल्यात तारीख लिहिली, दुसऱ्यात ११८. तिसऱ्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग तिनं ते माझ्या हातात दिलं.

"उद्यापासून भाकरी तुम्ही टाका," म्हणाली.

ज्वारीचं पीठ कुठल्या डब्यात असतं, हे मला तिलाच विचारावं लागलं.